खुर्चीसह एकट्याने कोकण: गाडी निवडताना आधी काय मोजावे?

दिवाळी झाली की किनाऱ्याने फिरायचे बेत सुरू होतात. चाकाच्या खुर्चीवर किंवा कुबडीवर असलेले, तरी कुणाला सोबत न घेता निघू पाहणारे अनेक वाचक गाडीबद्दल विचारतात. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातले बरेचसे बाकीच्यांनाही लागू पडते.

प्रश्न: वय ३८. अपघातात मणक्याला इजा होऊन कमरेखाली हालचाल आणि संवेदना दोन्ही गेल्या आहेत. हात-खांदे मजबूत आहेत. स्टीलची घडीची व्हीलचेअर वापरतो. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत, रात्री गाडीतच झोपत, एकट्याने फिरायचे आहे. एक मित्र म्हणतो जुना टेम्पो ट्रॅव्हलर घे आणि कॅरॅव्हॅन करून घे. दुसरा ईको सुचवतो. बदलांसकट बारा लाखांपर्यंत तयारी आहे. काय घ्यावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: ट्रॅव्हलर नको. ईकोही तुमच्यासाठी नको. त्याचे कारण तिच्या इंजिनाच्या जागेत आहे, ते पुढे येईलच. आमचा कौल चार मीटरच्या आतल्या, ऑटोमॅटिक आणि मागच्या सीट मुळातच काढता येणाऱ्या गाडीला आहे. या वर्णनात चांगली बसणारी गाडी म्हणजे एएमटी, म्हणजे क्लच यंत्रच दाबते अशा, गिअरची रेनो ट्रायबर. तुमच्या रकमेत ती बदलांसकट बसावी.

कॅम्पिंगची गाडी म्हटली की बहुतेक जण बिछान्यापासून विचार सुरू करतात. एकट्या व्हीलचेअरवाल्याने तो चालकाच्या सीटच्या उंचीपासून सुरू करायचा. खुर्चीवरून सीटवर, सीटवरून बिछान्यावर, पुन्हा सीटवर, पुन्हा खुर्चीत, हा फेरा दिवसभर चालतो आणि हात द्यायला कोणी नसते. उशी धरून तुमच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ५० ते ५५ सेंटिमीटरवर असेल. सीटची बाहेरची कड त्याहून १० सेंटिमीटरपर्यंत उंच असली तर ट्रान्स्फर बोर्डावरून (खुर्ची आणि सीट यांच्यात टाकायच्या फळीवरून) सरकत जाता येते. फरक १५च्या पुढे गेला की दर वेळी अख्खे अंग उचलावे लागते आणि दोन-चार दिवसांत खांदे बोलायला लागतात. तुमचे पाय म्हणजे तुमचे खांदेच आहेत. ते सांभाळणे हा गाडीचा पहिला गुण.

आता ट्रॅव्हलर. तिच्या पायऱ्या आणि उंच फरशी पाहता रॅम्प किंवा लिफ्ट लागणारच. रॅम्पचा हिशेब करून पाहा. स्वतः चाके ढकलत चढायचे तर उतार १ला १२ हवा, म्हणजे ६० सेंटिमीटर उंच फरशीला ७ मीटर २० सेंटिमीटर लांब रॅम्प. १ला ६ धरला तरी ३ मीटर ६० सेंटिमीटर, आणि तेवढ्या चढावर एकट्याने, मागे कोणी न धरता जाणे म्हणजे पाठीवर उलटण्याला आमंत्रण. राहिली लिफ्ट. ती चालते, पण ती बंद पडली की तुम्ही आत असलात तर आत अडकता आणि बाहेर असलात तर बाहेर. हायड्रॉलिक लिफ्टला हातपंप असतो. तो बहुधा उभ्या माणसाच्या सोयीने बसवलेला असतो. शिवाय गाडी दोन मीटरच्या आसपास रुंद. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या बाजूला वाडीतल्या रस्त्यांना दोन्हीकडून जांभ्याचे गडगे असतात आणि वरून फणसाच्या फांद्या व विजेच्या तारा खाली आलेल्या असतात. समोरून एसटी आली तर पाव किलोमीटर मागे जाणे धडधाकट चालकालाही नकोसे होते.

ईको अरुंद आहे, मागे जागा भरपूर आहे, दोन्ही बाजूंना सरकती दारे आहेत. बिछान्यासाठी ती उत्तमच. पण तिचे इंजिन पुढच्या सीटच्या खाली असते. लांबच्या प्रवासात सीटचा तळ तापतो. संवेदना असलेला माणूस चुळबुळ करून जागा बदलतो. तुम्हाला तो ताप कळणारच नाही. मांडीखाली भाजलेली किंवा सतत उबेने नाजूक झालेली त्वचा म्हणजे पुढचे काही महिने पालथे पडून काढणे. दुसरे म्हणजे इंजिनाची देखभाल करायची तर सीट उचलावी लागते, आणि एकदा सीटभोवती तुमची सोय करून घेतली की दर वेळी ती सगळी सोडवावी लागते. तिसरे, ईको ऑटोमॅटिकमध्ये मिळत नाही. हाताने ब्रेक, हाताने ॲक्सिलरेटर, हाताने क्लच आणि हाताने गिअर, हे सपाट रस्त्यावर जमते. जयगडसारख्या ठिकाणी सड्यावरून (माथ्यावरच्या पठारावरून) खाडीकडे उतरणाऱ्या वळणांवर, अर्ध्या चढात थांबून पुन्हा निघताना, दोन हात पुरत नाहीत.

ट्रायबरच्या मागच्या रांगेतल्या दोन्ही सीट कंपनीनेच काढता येतील अशा दिल्या आहेत, त्यामुळे त्या घरी ठेवून निघालात तरी गाडीत फेरफार केल्यासारखे होत नाही. लांबी सुमारे ३९९० मिलिमीटर, जमिनीपासूनचे अंतर १८२ मिलिमीटर. गाडीत आतली मांडणी अशी करा: बिछाना उजव्या अंगाला, म्हणजे चालकाच्या सीटमागे सरळ रेषेत, खुर्ची आणि सामान डाव्या अंगाला. मधल्या रांगेची पाठ पुढे पाडून सपाट करा, पण सीट पुढे उलटवू नका. उलटवलेली सीट नेमकी चालकाच्या सीटमागे आडवी येते आणि तुमची वाट बंद होते. पाडलेल्या पाठीवरून मागच्या दारापर्यंत १२ मिलिमीटर जाडीची, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाची प्लायवुडची फळी टाका, रुंदी ६० सेंटिमीटर. असे प्लाय चौरस मीटरला सुमारे आठ किलो भरते, म्हणून फळी दोन तुकड्यांत करा आणि मध्ये बिजागरीऐवजी खाच ठेवा. बिजागरीला आवाज येतो आणि बोट चिमटते. फळीखाली ॲल्युमिनियमचे पाय, पायांना रबरी टोप्या, आणि फळी गाडीच्या सामान बांधायच्या कड्यांना पट्ट्याने आवळलेली. मोकळी फळी जोरात ब्रेक लागला की थेट तुमच्या पाठीत येते.

रात्री गाडी लावली की चालकाच्या सीटचे हेडरेस्ट काढायचे, सीट शक्य तितकी पुढे घ्यायची, पाठ पूर्ण मागे पाडायची आणि हातांवर जोर देत मागे सरकत जायचे. डोके मागच्या दाराकडे, पाय पाडलेल्या सीटवर. यामुळे गाडी लहान असूनही लांबी पुरते. फळीची उंची पाडलेल्या पाठीच्या वरच्या पातळीइतकीच हवी. मधली फट किंवा पायरी ५ सेंटिमीटरहून जास्त राहिली तर माकडहाड तिथेच घासते. ही मापे सुताराला फोनवर सांगू नका, गाडी त्याच्या दारात न्या. गादीला खाली ४० घनतेचा ५ सेंटिमीटर फोम, वर ५ सेंटिमीटर मेमरी फोम, आणि पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी कुशी बदलायचा गजर लावा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. मागचे दार बहुतेक गाड्यांत आतून उघडत नाही. तुमचे डोके त्याच दाराशी असणार आहे. गॅरेजमध्ये कुलपाच्या यंत्रणेला केबल जोडून आतून ओढायची कडी काढून घ्या, आणि ती झोपलेल्या अवस्थेत हाताला लागते का ते पाहा. हे काम झाल्याशिवाय गाडीत रात्र काढू नका.

आता खुर्ची. गाडीच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर तिच्यात आहे. स्टीलची घडीची खुर्ची १५ ते १८ किलोंची असते. एकट्याने खुर्ची गाडीत घ्यायची म्हणजे सीटवर बसून, चाके काढून, सांगाडा छातीवरून शेजारच्या सीटवर टाकायचा. स्टीलच्या खुर्चीची चाके बहुधा निघत नाहीत, आणि अठरा किलो छातीवरून रोज नेणे जमणारे नाही. न घडी होणारी, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, बटण दाबून चाके निघणारी खुर्ची घ्या. तिचा नुसता सांगाडा सात-नऊ किलोंच्या आसपास येतो. बारा लाखांत खुर्ची धरलेली नसेल तर गाडीचा वरचा मॉडेल सोडा आणि ते पैसे खुर्चीत घाला.

शोरूममध्ये तुमची स्वतःची खुर्ची आणि मोजपट्टी घेऊन जा. सीट पूर्ण मागे घेऊन छाती आणि स्टिअरिंगमधून सांगाडा जातो का ते विक्रेत्याला न करू देता स्वतः करून पाहा. दार किती कोनात उघडते, दाराचा खालचा उंबरा किती रुंद आहे (रुंद उंबरा म्हणजे बोर्डाखाली मोठी पोकळी), आणि सीटच्या कडेचा फुगवटा मांडीला टोचतो का, हे पाहा. बोर्ड ७० ते ७५ सेंटिमीटर लांबीचा न्या. हे सगळे तीनदा सलग करा. पहिल्यांदा सगळेच जमते.

हाताने चालवायच्या यंत्रणेत लिव्हर पुढे ढकलली की ब्रेक आणि ओढली किंवा पिळली की ॲक्सिलरेटर, हा प्रकार घ्या. घाबरल्यावर हात आपोआप पुढे जातो, तेव्हा ब्रेकच लागायला हवा. डावा हात लिव्हरवर, उजवा स्टिअरिंगच्या मुठीवर. मग हॉर्न कोण देणार? कोकणातल्या आंधळ्या वळणांवर हॉर्न हवाच, म्हणून त्याचे बटण लिव्हरच्या मुठीतच बसवून घ्या. पाय आपोआप आखडत किंवा झटकत असतील तर पेडलांसमोर पत्र्याची आड हवी. ब्रेकच्या पेडलखाली बूट अडकला तर लिव्हर कितीही ढकला, ब्रेक पूर्ण लागत नाही. बसवून झाल्यावर मैदानात ताशी २५-३० वेगाने दहा वेळा कचकचीत ब्रेक मारून पाहा आणि लगेच पेडलवरची पकड तपासा. बिघाड होतो तो बहुधा तिथेच: पकड किंचित सरकते आणि लिव्हर ढिली पडते. ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळून घ्या.

एएमटीत क्लच असतोच, तो फक्त यंत्र दाबते. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरून ठेवली की तो क्लच जळतो. थांबायचे तर ब्रेक धरायचा. हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) नसलेला मॉडेल घेऊ नका. आणि आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना मॅन्युअलवर टाकून दुसऱ्या गिअरमध्ये राहा, नाहीतर डाव्या हाताला अख्खा घाट ढकलत बसावे लागते आणि ब्रेक तापतात ते वेगळेच.

प्रश्न: मला मोटारवर चालणारी व्हीलचेअर लागते. रात्री पंखाही हवा. हिवाळ्यातसुद्धा इथे दमट असते. गाडीच्या बॅटरीवर हे सगळे भागेल का? एसी लावून झोपता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: एसीचे आधी. इंजिन चालू ठेवून गाडीत कधीही झोपू नका. वारा पडलेला असेल किंवा धुराड्याचे तोंड गवतात वा वाळूत गेले असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

गाडीच्या मूळ बॅटरीला हात लावू नका. ती इंजिन सुरू करण्यासाठी असते; रात्रीत उतरली तर सकाळी तुम्ही अडकून पडाल. दुसरी बॅटरी लागेलच. हिशेब असा. अशा खुर्चीत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, प्रत्येकी ३५ अँपिअर-तास धरल्या तर ८४० वॉट-तास. दिवसात निम्मी वापरली तर ४२०, चार्जिंगमधली गळती धरून सव्वापाचशे. १५ वॉटचा पंखा नऊ तास म्हणजे १३५. दिवा, फोन ५०-६०. एकूण सव्वासातशेच्या आसपास. १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास देते. त्यातले ८० टक्के वापरायचे धरले तरी हजार. म्हणजे एक दिवस सुखाने जातो. साध्या ट्यूब्युलर बॅटरीतून निम्मेच काढावे, म्हणून तीच क्षमता हवी तर वजन तिपटी-चौपटीने वाढते, आणि गाडी लहान आहे.

ही बॅटरी चालत्या गाडीवर भरायला ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर घ्या. तो सुमारे ४०० वॉट देतो, म्हणजे दोन तासांच्या प्रवासात आदल्या रात्रीचा खर्च भरून निघतो. नुसता रिले टाकून दोन बॅटऱ्या जोडू नका. लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून (इंजिनावर चालून वीज बनवणाऱ्या यंत्रातून) बेसुमार प्रवाह खेचते आणि अल्टरनेटर जळतो. तारेत कंजुषी नको. पुढून मागे पाच मीटर, परतीचे पाच, ३० अँपिअर: ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातात, १६च्या तारेत ०.३३. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभरात हवा, दोन्ही बॅटऱ्यांकडे एकेक. खुर्चीच्या चार्जरसाठी प्युअर साइन वेव्हचा ३०० वॉटचा इन्व्हर्टर बहुधा पुरतो, पण आधी चार्जरच्या पाटीवरचा आकडा वाचा.

थंडाव्यासाठी पंख्याइतकीच हवेची वाट महत्त्वाची. समोरासमोरच्या दोन काचा अर्ध्या उघड्या, त्यांवर दाराला वरून चढणारी मच्छरदाणीची पिशवी, आणि समुद्राकडे तोंड करून लावलेली गाडी. मागच्या काचेला आतून रुपेरी फोम लावा, सकाळी सातलाच ऊन येते. मणक्याच्या इजेनंतर इजेखालच्या भागाला घाम नीट येत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. इजा छातीच्या पातळीवर किंवा मानेत असेल तर हे अधिक गंभीर आहे: ओला पंचा आणि पाण्याची फवारणीची बाटली हाताशी ठेवा, आणि मार्च ते जून गाडीत झोपायचा बेत करू नका. पावसाळ्यात तर नकोच, काचा बंद ठेवाव्या लागल्या की आत श्वास कोंडतो.

प्रश्न: पोलिओमुळे उजवा पाय कमजोर आहे, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि एक कुबडी. उभी राहू शकते, थोडे चालते. मलाही हाताची यंत्रणाच लागेल का? आणि आरटीओत काय करावे लागते?
– एक वाचक, देवगड

उत्तर: डावा पाय खणखणीत असेल तर हाताची यंत्रणा नको. ऑटोमॅटिक गाडी घ्या आणि ब्रेकच्या डाव्या बाजूला दुसरे ॲक्सिलरेटर पेडल बसवून घ्या. ते घडी होणारे असावे, आणि ते उघडले की मूळचे उजवे पेडल झाकले जाईल असे. दोन्ही पेडल एकाच वेळी उघडी राहणे हाच या यंत्रणेतला सगळ्यात मोठा धोका: कॅलिपरचा बूट उजव्या पेडलवर पडतो आणि कळतही नाही. सवय व्हायला वेळ लागतो. महिनाभर मोकळ्या रस्त्यावर सराव केल्याशिवाय घाटात जाऊ नका. उभ्या राहू शकता म्हणून तुम्हाला सीट थोडी उंच चालेल, किंबहुना बरीच. फार खाली बसलेल्या सीटवरून कॅलिपर लावून उठणे कठीण. वॅगन आरसारखी ताठ बैठकीची गाडी या दृष्टीने चांगली. तिच्यासाठी कंपनीने आणलेली बाहेर वळणारी सीट मात्र शेजारच्या बाजूची आहे, चालकाची नाही. एकट्या चालकाला तिचा उपयोग नाही.

कागदांचे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात २०१९च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायची वाट मोकळी केली आहे: बदल करून मग नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेता येते. सिंधुदुर्गात एमएच-०७, रत्नागिरीत एमएच-०८, रायगडला पेणचे एमएच-०६ कार्यालय. चाचणीमान्य किट, बसवणाऱ्याचे बिल, अपंगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र) आणि गाडी, हे सगळे घेऊन जा. आरसी बुकात बदलाची नोंद झाली की नाही ते तिथेच वाचा. लायसन्सची चाचणी त्याच बदललेल्या गाडीवर द्यायची. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल हे दावा नाकारायचे सोपे निमित्त ठरते. पॉलिसीत ‘आयएमटी १२’ हे अपंगांच्या गाडीच्या सवलतीचे कलम आहे, ते नाव घेऊन मागा, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. खास अपंग व्यक्तीसाठी बनवलेल्या गाडीला राष्ट्रीय महामार्गावर टोल माफ आहे, २००८च्या नियमांत तसे आहे. त्यासाठी सवलतीचा वेगळा फास्टॅग घ्यावा लागतो आणि त्याला आरसीवरची नोंद लागतेच. अपंगांसाठीच्या जीएसटी सवलतीचे गणित मात्र आता बदलले आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सगळ्यांसाठीच १८ टक्के लागतो.

प्रश्न: फेरीबोटी, पुळणीवरची जागा, शौचालय यांचे काय करावे? मुक्काम कुठे सुरक्षित? गाडीला समुद्राजवळ गंज किती लागतो?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर: बोटी घ्याच, मोठा वळसा वाचतो. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या चारही खाड्यांवर गाडी चढते. बोटीत चढण्यापूर्वी, धक्क्यावरच खलाशाला सांगा की तुम्हाला गाडीतून उतरता येत नाही. गाडी शेवटी चढवायला सांगा, म्हणजे दाराच्या बाजूला जागा राहते आणि दोन गाड्यांमध्ये कोंडले जात नाही. बोट सुटली की हँडब्रेक, काच उघडी, सीटबेल्ट सोडलेला, लाइफ जॅकेट मागून घेऊन मांडीवर. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो. लांब शेपटीच्या गाडीचा मागचा बंपर तिथेच घासतो. शक्य असेल तर भरतीच्या आसपासची फेरी धरा.

पुळणीवर गाडी नेऊ नका, ओहोटीला कितीही घट्ट वाटली तरी. रुतली तर तुम्हाला खाली उतरून फळी सरकवता येणार नाही आणि भरती वाट पाहत नाही. सुरूच्या बनाच्या अलीकडे, जांभ्याच्या किंवा सिमेंटच्या जागेवर थांबा. गाडी लावताना उजव्या बाजूला दीड मीटर मोकळे आणि सपाट हवे, कारण तुम्ही तिकडेच उतरणार. रस्त्याच्या डाव्या कडेला साधी लावलीत तर खुर्ची वाहतुकीत उघडते. जागेत उलटी, मागे घेत लावा, म्हणजे दार आतल्या बाजूला येते. मुक्काम उघड्यावर न करता घरगुती निवासाच्या आवारात करा: अंगणात गाडी लावू द्या, न्हाणीघर वापरू द्या, जेवण तुमच्याकडे, असे ठरवले तर बहुतेक यजमान आनंदाने हो म्हणतात. एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे आणि तारकर्ली इथे निवासस्थाने आहेत. बुकिंग करताना ‘व्हीलचेअर चालते का’ असे विचारू नका. सगळीकडे हो म्हणतात. शौचालयाच्या दाराला मोजपट्टी लावून फोटो पाठवायला सांगा. चौकटीच्या आत ८० सेंटिमीटर मोकळे नसतील तर दुसरीकडे पाहा, आणि दारातला जांभ्याचा उंबरा किती उंच ते विचारायला विसरू नका.

कॅथेटर (लघवी काढायची नळी) वापरणाऱ्यांना ते काम पडदे लावून बिछान्यावर करता येते. पाणी पाच-पाच लिटरच्या तोटीच्या कॅनमध्ये ठेवा. वीस लिटरचा कॅन बसल्या जागेवरून उचलता येत नाही. पोट साफ करायच्या दिवसाची रात्र खोलीतच काढावी. लहान गाडीत पोर्टेबल कमोड बसतो, पण त्यावर एकट्याने जाणे-येणे हे पडण्याचे मोठे कारण आहे.

टायर ट्यूबलेस, १२ व्होल्टचा हवा भरायचा पंप सीटखाली आणि टायरमधली हवा दाखवणारे सेन्सर. चाक बदलणे तुमच्या हातात नाही, पण हवा हळूहळू जाते आहे हे वेळेत कळले तर गावापर्यंत पोहोचता येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किनाऱ्यावर आहे, मात्र घाटात आणि खाडीच्या तोंडाशी मोबाइलला रेंज जाते. दोन कंपन्यांची सिम ठेवा आणि रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घरी जागा कळवा.

गंजाचे म्हणाल तर खाऱ्या हवेत आधी मरते ती बसवलेली यंत्रणा, मग गाडी. ब्रेकच्या लिव्हरचे सांधे, खुर्चीच्या पुढच्या चाकांचे बेअरिंग, अर्थची तार जिथे पत्र्याला जोडली आहे तो बोल्ट. नवे बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. ३०४ला किनाऱ्यावर काही महिन्यांत तांबूस ठिपके येतात. ॲल्युमिनियमच्या फळीपायांत स्टीलचा बोल्ट थेट घालू नका, मध्ये नायलॉनचा वायसर हवा, नाहीतर ॲल्युमिनियम पांढरे होऊन भुगा पडतो. अर्थच्या जोडावर पेट्रोलियम जेली. सहलीहून आल्यावर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खुर्चीची चाके काढून बेअरिंग पुसा आणि लिव्हरच्या सांध्यांना लिथियम ग्रीस भरा. वाळू अडकलेल्या सांध्यावर नुसते तेल सोडले तर ती आत जाऊन बसते, म्हणून आधी ब्रशने झाडा.